टी-शर्ट छपाई: स्क्रीन की सब्लिमेशन?

भाच्याला टी-शर्ट छपाईचं काम सुरू करायचंय, पण स्क्रीन की सब्लिमेशन यावर गाडी अडलीय. स्क्रीन म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई दाबून छापणं; त्याचा सुरुवातीचा खर्च कमी, फ्रेम, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी), शाई एवढ्यावर भागतं, पण प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम एक्स्पोज करा (प्रकाशाने तिच्यावर डिझाइन उतरवा), मग धुवा, हात रंगवा, त्यामुळे एकदोन नगांना परवडतच नाही. सब्लिमेशन म्हणजे कागदावर छापलेलं डिझाइन उष्णतेने कापडात उतरवणं; त्याला प्रिंटर आणि हीट प्रेस (तापवून दाबणारं मशीन) हवा, काम स्वच्छ, फोटोवाला एकच नगही निघतो. पण ते पॉलिस्टरवर, तेही फिकट रंगावरच! काळ्या कॉटनवर काही उमटत नाही, हे मशीन विकणारे आधी सांगत नाहीत. टिकतात दोन्ही, फक्त स्क्रीनची प्लास्टिसॉल (प्लास्टिकवाली) शाई नीट तापवली नाही तर धुण्यात तडकते. मंडळांचे शंभरेक कॉटन टी-शर्ट मिळणार असतील तर स्क्रीन, क्रिकेट जर्सी आणि वाढदिवसाचे कोटिंगवाले कॉफी-मग असतील तर सब्लिमेशन.