अमेरिकेची राज्यघटना आणि राज्यांच्या घटना

अमेरिकेची संघीय घटना १७८७ ची. सगळ्या दुरुस्त्या धरूनही एका बैठकीत वाचून होते. दुरुस्त्या फक्त २७, कारण ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते.

राज्यांचा कारभार मात्र निराळा. बहुतेक ठिकाणी विधिमंडळाने प्रस्ताव मांडायचा, मतदारांनी कौल द्यायचा, की झाली दुरुस्ती! अलाबामाची १९०१ ची घटना २०२२ पर्यंत लागू होती, तीही अशीच फुगत गेली. नऊशेहून जास्त दुरुस्त्या, त्यांत एखाद्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बिंगो (आकड्यांचा खेळ) खेळू द्यावा का, हेसुद्धा. ही घटना की ग्रामपंचायतीचं ठरावबुक?

पण लहानांना हसू नये. मॅसॅच्युसेट्सची घटना १७८० ची, म्हणजे संघीय घटनेपेक्षा थोरली, आणि अजून लागू आहे. आपल्याकडे जम्मू-काश्मीरला स्वतंत्र घटना होती, २०१९ पर्यंत.