दोन टनी बॅटरी फोर्कलिफ्ट : रोजच्या तपासणीतून कळलेली गाडी

चाकणच्या आमच्या गोदामातली डिझेलची गाडी गेली आणि ही ४८ व्होल्टची बॅटरी फोर्कलिफ्ट आली, त्याला आता एक अख्खा पावसाळा आणि हिवाळा होऊन गेला. धूर नाही, कानाला त्रास नाही, हे सगळेच सांगतात. माझ्याकडे शिफ्टआधीची तपासणी असते, म्हणून मी बघतो ते एवढंच, की गाडी तपासू देते का.

काटे (माल उचलणारे पुढचे दोन दात) आणि मास्ट (ते वर-खाली नेणारा उभा सांगाडा) यांच्या बाबतीत देते. सगळं उघडं, समोर. काटा जिथे वळतो ती टाच फरशीवर घासून झिजते, आणि जाडी १० टक्के कमी झाली की काटा बाद. म्हणजे ४० मिमीचा ३६ वर आला की संपलं. तोवर वजन पेलायची ताकद साधारण २० टक्क्यांनी उतरलेली असते. चार मिमी नजरेला कळत नाहीत, कॅलिपरच लावावा लागतो. काटे उचलणाऱ्या चेनचंही तसंच: नवी असताना ३०० मिमी भरणारा तुकडा ३०९ भरला की चेन बदलायची. पावसाळ्यात डॉक ओला असतो, तेव्हा चेनला तेल जरा जास्त वेळा द्यावं लागलं. होज, म्हणजे हायड्रॉलिक तेलाची नळी, गळतोय का हे पुठ्ठा धरून बघायचं, हात फिरवून नाही. बारीक छिद्रातून दाबाने येणारं तेल कातडीत शिरतं आणि ते प्रकरण थेट ऑपरेशनपर्यंत जातं.

सीटचा स्विच उत्तम. उठून उभं राहिलं आणि लिव्हर ओढला तर मास्ट हलत नाही. रोज हे करून बघायला अर्धं मिनिट पुरतं. रिव्हर्स बझरचं कनेक्टर मात्र पावसात दोनदा ढिलं झालं.

खरी तक्रार हायड्रॉलिक तेलाची पातळी बघायच्या पट्टीची. ती पायाखालच्या पत्र्याखाली, आणि पत्र्याला बोल्ट. जिथे पाना लागतो तिथे सकाळच्या घाईत टिकमार्क आधी पडतो आणि तेल नंतर बघितलं जातं, किंवा जातच नाही. कंपनीच्या इंजिनिअरला सांगितलं, तो हसला.

बॅटरीचं पाणी हे या गाडीचं खरं काम. २४ सेल, प्रत्येकाचं झाकण वेगळं. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर येतं आणि ट्रे गंजतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही त्या बुडतील एवढंच. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो, त्यामुळे हुड उघडा आणि बिडीवाले लांब. आमच्याकडे हा शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड गेला!

घ्यावी का? एका शिफ्टचं काम असेल तर नक्की. कोटेशनमध्ये सगळ्या सेलना एकदम पाणी भरणारं किट आधीच लिहून घ्या. पुढे लिथियम बॅटरी टाकायचा विचार असेल तर नेमप्लेटवर बॅटरीचं किमान वजन दिलेलं असतं ते वाचा, कारण मागची जड बॅटरी उचललेल्या मालाचा तोल सांभाळते. हलकी टाकली तर फरक भरून काढायला वजन जोडावं लागतं. आणि डेमोला माल उचलून दाखवायच्या आधी विक्रेत्याला तेलाची पट्टी बाहेर काढून दाखवायला सांगा.