हमी नसलेली जुनी गाडी बिघडली: डीलरकडून घेतलेली आणि मालकाकडून घेतलेली

माझ्या मावसभावाने पुण्यातल्या एका डीलरकडून चार लाख दहा हजारांना सात वर्षांची डिझेल गाडी घेतली. तो सांगलीला राहतो. तिसऱ्या आठवड्यात खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. इंजिन गार झाल्यावर त्याने कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. आत हिरवं पाणी नव्हतं, सायीसारखा दाट, दुधाळ तपकिरी गाळ होता. म्हणजे ऑइल आणि पाणी एकत्र झालेलं. इंजिनमधलं ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं होतं. पावतीवर छापलं होतं, "गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली. कोणतीही हमी नाही." डीलरने फोनवर तेच वाक्य वाचून दाखवलं.

त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या काकांनी ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडून गाडी घेतली. दोन महिन्यांत गिअरबॉक्स बसला. त्यांनाही हमी नव्हती. दोघांचा राग सारखा होता, नुकसानही जवळपास सारखं होतं, पण हक्क सारखे नव्हते. तुम्ही अशाच गाडीजवळ उभे असाल, तर आधी हे पाहा की गाडी तुम्हाला विकली कोणी आणि विकताना तो काय बोलला. "हमी नाही" हे वाक्य त्यानंतर येतं.

डीलरकडून घेतली असेल तर

इथे तुमची बाजू लोकांना वाटते त्यापेक्षा भक्कम असते. घरच्या वापरासाठी गाडी घेतलेला माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ग्राहक ठरतो, गाडी जुनी असली तरी. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली टॅक्सीही सहसा यात बसते. व्यापारी कामासाठी घेतलेल्या चार-पाच गाड्या बसत नाहीत. दुसरा आधार १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ चा. त्या मालाचा धंदा करणाऱ्याने विकलेली वस्तू विकण्याजोग्या दर्जाची असावी, हे न लिहिताही गृहीत धरलं जातं. सात वर्षांच्या गाडीकडून नव्या गाडीची अपेक्षा कोणी धरत नाही. क्लच प्लेट झिजली, बॅटरी गेली, टायर गुळगुळीत झाले, तर तो वापराचा भाग आहे आणि त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. मात्र तीन आठवड्यांत इंजिन उघडावं लागणं वेगळं.

आता ते छापील वाक्य. याच कायद्याचं कलम ६२ सांगतं की दोन्ही बाजू ठरवून अशा गृहीत अटी बाजूला ठेवू शकतात. त्यामुळे "आहे त्या स्थितीत" असं लिहून त्याखाली तुमची सही असेल, तर कलम १६ चा आधार पातळ होतो, हे मान्य करायला हवं. पाहणीत सहज दिसला असता असा दोषही तुमच्याच माथी येतो. पण त्या वाक्याने खोटं बोलणं झाकलं जात नाही. करार कायद्याची कलमं १७ ते १९ फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीने मिळवलेल्या संमतीबद्दल आहेत. असा करार तुम्हाला रद्द ठरवून घेता येतो. मावसभावाच्या व्हॉट्सअॅपवर डीलरचा मेसेज होता, "ओरिजिनल ६२ हजार किलोमीटर, इंजिनला एक रुपयाचा खर्च नाही." कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नोंदी काढल्या तेव्हा तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला मीटर १,०४,००० वर होता. हमी नाही हे खरं, पण मीटर फिरवून विकायची परवानगी त्या वाक्याने मिळत नाही.

डीलरचा दुसरा ठरलेला बचाव म्हणजे, "गाडी मूळ मालकाच्या नावावर होती, मी नुसता मध्ये होतो." १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांनी यावर उत्तर दिलं आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मालकाने फॉर्म २९ सी भरून गाडी त्याच्या ताब्यात दिली की गाडीचा मालक डीलरच मानला जातो. हा फॉर्म भरला होता का, हे लेखी विचारा. भरला नसेल, तर तो का भरला नाही हे त्याला सांगावं लागेल, तुम्हाला नाही.

मालकाकडून थेट घेतली असेल तर

इथे मी खोटा दिलासा देणार नाही. स्वतःची एक गाडी विकणारा माणूस व्यापारी नसतो, म्हणून ग्राहक आयोगाची वाट सहसा बंद असते. कलम १६ मधली दर्जाची अटही धंदा करणाऱ्यासाठी आहे. उरतो तो करार कायदा, आणि त्यातही नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. काकांच्या विक्रेत्याने गिअरबॉक्सबद्दल काही सांगितलं नव्हतं आणि काकांनीही विचारलं नव्हतं. सोबत मेकॅनिक नेला नव्हता. कलम १९ च्या अपवादाप्रमाणे साधी काळजी घेऊन कळू शकलं असतं, तिथे मौनाचा दोष विक्रेत्याला लावता येत नाही. काकांनी खर्च स्वतः केला, आणि माझ्या मते वकिलावर पैसे घातले नाहीत हे ठीकच केलं.

तेच जर त्यांनी "अपघात झालाय का?" असं मेसेजवर विचारलं असतं, "नाही" असं उत्तर आलं असतं आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, वेल्डिंग निघालं असतं, तर दिवाणी दाव्याला जीव आला असता. मालकीच्या बाबतीत मात्र खासगी विक्रेताही सुटत नाही. गाडी चोरीची निघाली किंवा बँकेचा बोजा लपवलेला निघाला, तर माल विक्री कायद्याचं कलम १४ त्यालाही लागू आहे.

मध्ये एजंट असेल आणि त्याने दलाली घेतली असेल, तर त्याच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते. ऑनलाइन घेतलेल्या गाडीचं बिल कोणाच्या नावाने फाडलं आहे ते पाहा. त्या ऑनलाइन कंपनीच्या नावाने असेल तर तीच विक्रेता.

कोणत्या दारात जायचं

डीलरच्या बाबतीत जिल्हा ग्राहक आयोग, यात मला शंका नाही. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं जिल्ह्यात चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या कायद्याने दिलेली सर्वांत मोठी सोय म्हणजे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. पुण्याच्या डीलरला सांगलीत यावं लागतं. मुदत दोन वर्षांची. आयोग दुरुस्ती, पैसे परत आणि भरपाई असे आदेश देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो हे धरून चला. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, काही प्रकरणं तिथेच मिटतात.

खासगी विक्रेत्याविरुद्ध दिवाणी न्यायालय. मुदत तीन वर्षं, फसवणूक असेल तर ती उघड झाल्यापासून. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर असते. चाळीस हजारांच्या बिघाडासाठी मी कोणालाही या वाटेने पाठवणार नाही. पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते, पण विक्रेत्याचा हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दाखवावं लागतं. नुसत्या बिघाडावर ठाणेदार "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवतात. चेसिस नंबर खोडलेला किंवा कागदपत्रं बनावट निघाली, तर मात्र आधी पोलीस, बाकी सगळं नंतर.

गॅरेजवाल्याला थांबवा

मावसभावाच्या गॅरेजवाल्याने त्याच संध्याकाळी हेड उतरवायची तयारी केली होती. फोनवर मी त्याला थांबवलं, आणि या प्रकरणात मी केलेलं तेवढंच महत्त्वाचं काम. इंजिन एकदा खोलून दुरुस्त झालं की दोष विकतानाच होता हे कशावरून दाखवणार? आयोग दोषाच्या तपासणीसाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तोवर दोष जागेवर असायला हवा. आम्ही त्या दुधाळ गाळाचा व्हिडिओ काढला, त्यात मीटरचा आकडा घेतला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचं लेखी कारण आणि अंदाजपत्रक घेतलं. गाडी चालवणं बंद केलं. वस्तू ठेवून घेतली आणि वाजवी मुदतीत नाकारली नाही, तर माल विक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ती स्वीकारली असं धरलं जातं. म्हणून चौथ्या दिवशी स्पीड पोस्टाने पत्र गेलं आणि त्याचीच प्रत व्हॉट्सअॅपवरही. पत्रात शिवीगाळ नव्हती, धमकी नव्हती. मेसेजची तारीख होती, १,०४,००० ची नोंद होती, "पंधरा दिवसांत तुमच्या माणसाकडून गाडी तपासून घ्या, नाहीतर सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करू" एवढं होतं.

बाराव्या दिवशी डीलरचा माणूस गाडी पाहून गेला. इंजिनचा पूर्ण खर्च आणि वर पन्नास हजार, असं त्याने देऊ केलं. पैसे पूर्ण परत मागण्याइतका पुरावा हातात होता, आणि मी तसं म्हटलंही. पण मावसभावाला रोज मिरजेला कामावर जायचं होतं. त्याने तडजोड घेतली, लेखी, दोघांच्या सह्यांची, आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच हेड उतरवायला सांगितलं.