बेसबॉल-रेफरन्सची पारख : बेन झोब्रिस्टच्या पानावरून

आकडेवारीच्या संकेतस्थळाचा कस पाहायचा असेल, तर बेब रूथसारख्या दिग्गजाचे पान उघडण्यात फारसा अर्थ नसतो, कारण त्याचे होम रन कोणतीही नोंदवही बिनचूक मोजून देईल. खरा कस लागतो तो मैदानावर ज्याची जागा कधीच कायमची ठरली नाही, अशा खेळाडूपाशी. बेन झोब्रिस्ट हा अशा खेळाडूंचा बहुधा सर्वोत्तम नमुना आहे. पिचर (चेंडू फेकणारा) आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) या दोन खास जागा सोडल्या, तर उरलेल्या सातही जागांवर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, क्षेत्ररक्षणाला उभा राहिला, डावा-उजवा असा दोन्ही हातांनी फलंदाजीला आला आणि चार संघांकडून खेळला. म्हणूनच बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाची ही पारख त्याच्या एका पानापुरती ठेवली आहे.

गणिताचे अभ्यासक शॉन फोरमन यांनी २००० साली सुरू केलेले हे संकेतस्थळ आज फिलाडेल्फियातील स्पोर्ट्स रेफरन्स ही कंपनी चालवते. जुन्या सामन्यांतल्या प्रत्येक खेळीचा तपशील मुख्यतः रेट्रोशीट या स्वयंसेवी संस्थेच्या संकलनातून येतो. खेळाडूंची पाने मोफत असून जाहिरातींवर चालतात आणि सखोल शोधासाठी स्टॅटहेड ही वर्गणीची सेवा वेगळी आहे.

पान उघडताच हंगामवार फलंदाजीचा मुख्य तक्ता समोर येतो, आणि कारकिर्दीचा चढउतार समजून घ्यायला तेवढा पुरतो. झोब्रिस्टला २००४ मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघाने सहाव्या फेरीत निवडले. २००६ च्या जुलैमध्ये ऑब्री हफ या खेळाडूच्या बदल्यात त्याची रवानगी टॅम्पा बेकडे झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला. तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळी वाचवत नाहीत : २००६ मध्ये सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण) .२२४ आणि २००७ मध्ये .१५५. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून आणलेला हा मुलगा वर्षभरात खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये कायमचा परतणार असे कोणालाही वाटले असते. मात्र २००९ च्या ओळीत .२९७ ची सरासरी, २७ होम रन, ९१ आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे निघालेल्या धावा) आणि .९४८ ओपीएस (बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि फटक्यांची ताकद यांची बेरीज) असे आकडे दिसतात, आणि वाचक आपण भलत्याच खेळाडूच्या ओळीवर तर आलो नाही ना, म्हणून नाव पुन्हा तपासतो.

या तक्त्याच्या उजव्या टोकाला जागांचा एक छोटासा स्तंभ आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पानावरची सर्वांत कल्पक गोष्ट तीच आहे. बेसबॉलच्या गुणलेखकांनी प्रत्येक जागेला पूर्वापार एक क्रमांक दिलेला आहे : पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६ आणि डावीकडून उजवीकडे आउटफिल्डचे, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातले (लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्ड) ७, ८, ९. महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांतून सॉफ्टबॉल खेळलेल्यांना या जागा नव्याने सांगाव्या लागणार नाहीत. संकेतस्थळ हे क्रमांक, ज्या जागेवर जास्त सामने ती आधी, अशा क्रमाने एकापुढे एक मांडते. संघाच्या निदान दोन तृतीयांश सामन्यांत खेळलेल्या जागेआधी तारांकन येते, आणि जिथे दहापेक्षा कमी सामने झाले त्या जागा तिरक्या रेघेपलीकडे ढकलल्या जातात. नमुन्यादाखल ‘*४९/६७’ असे दिसले, तर तो मुख्यतः सेकंड बेसवर, बऱ्यापैकी राइट फील्डमध्ये आणि अडल्यानडल्याला शॉर्टस्टॉप व लेफ्ट फील्डमध्ये उभा राहिला, हे पाच-सहा खुणांत कळते. नेमून दिलेल्या जागेवर वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्या पानावर हा स्तंभ एकाच अंकाचा, कंटाळवाणा असतो. झोब्रिस्टच्या पानावर मात्र तो एखाद्या दूरध्वनी क्रमांकासारखा लांबत जातो.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. इतक्या जागा सांभाळण्याची किंमत मोजायची कशी? बेसबॉल-रेफरन्सचे उत्तर ‘वॉर’ या आकड्यात आहे. सहज उपलब्ध होणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले, याचा तो अंदाज असतो. त्यात फलंदाजी, धावण्याची चपळाई आणि क्षेत्ररक्षण यांच्याबरोबर जागेच्या अवघडपणाचाही हिशेब धरला जातो. अलीकडच्या हंगामांसाठी पूर्ण वेळ शॉर्टस्टॉप सांभाळणाऱ्याच्या खात्यात सुमारे ७ धावा जमा होतात, सेकंड बेसवाल्याच्या खात्यात ३, आणि लेफ्ट किंवा राइट फील्डमध्ये उभ्या राहणाऱ्याच्या खात्यातून ७ धावा वजा होतात, कारण तिथे उभा करायला चांगला फलंदाज मिळणे तुलनेने सोपे असते. खेळाडू जितकी इनिंग्ज ज्या जागेवर असेल, तितक्या प्रमाणात ही रक्कम विभागली जाते. त्यामुळे झोब्रिस्टची वाटणी त्याच्या फिरतीप्रमाणे बिनचूक होते. २००९ मध्ये त्याचा वॉर ८.६ भरला, जो अमेरिकन लीगमधील (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) सर्व फलंदाजांत सर्वाधिक होता. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान जो मावर या खेळाडूला मिळाला आणि झोब्रिस्ट मतदानात आठवा आला. हे दोन्ही आकडे एकाच ओळीत शेजारी वाचायला मिळतात आणि त्या काळचे मतदार काय पाहत होते, काय पाहत नव्हते, ते आपोआप उघडे पडते.

तरीही वॉरच्या हिशेबात एक मोठी गोष्ट सुटते, आणि संकेतस्थळाने ती अधिक स्पष्टपणे सांगायला हवी होती. दुखापत झालेल्या सहकाऱ्याच्या जागी आयत्या वेळी उभा राहणारा असा एक माणूस हाताशी असला, की प्रशिक्षकाला राखीव बाकावर एक जागा मोकळी मिळते आणि तिथे तो आणखी एखादा पिचर किंवा फलंदाज बसवू शकतो. टॅम्पा बेसारख्या बेताच्या पैशांवर चालणाऱ्या संघात, जो मॅडन प्रशिक्षक असताना, झोब्रिस्टचा हाच उपयोग सर्वांत मोलाचा होता. मात्र हा लाभ झोब्रिस्टच्या खात्यात कुठेच जमा होत नाही. क्षेत्ररक्षणाचे आकडेही दर जागेमागे तुटक पडतात. एका हंगामात चार-पाच जागांची थोडीथोडी इनिंग्ज असतील, तर प्रत्येक ओळीतला अंदाज डळमळीत असतो, आणि दशांश चिन्हाने त्याला आलेला ठामपणा दिशाभूल करणारा आहे.

बेसबॉलच्या दिग्गजांना गौरवणाऱ्या हॉल ऑफ फेमसाठी वॉरच्या आधारे योग्यता दाखवणाऱ्या जॉज तक्त्यातही हीच गोची आहे. तिथे प्रत्येकाला एकाच जागेवर बसवले जाते, म्हणून झोब्रिस्ट सेकंड बेसवाल्यांच्या रांगेत मधेच कुठेतरी दिसतो. पुरस्कारांचेही तसेच. गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार जागानिहाय दिला जातो आणि तो त्याला एकदाही मिळाला नाही. अशा बहुजागी खेळाडूंसाठी वेगळा गोल्ड ग्लव्ह २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचे खेळणे थांबून तीन हंगाम उलटले होते.

संकेतस्थळ सर्वांत जास्त रमवते ते सामन्यांच्या पानांवर. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना उघडून पाहावा; झोब्रिस्ट तेव्हा शिकागो कब्जकडून क्लीव्हलँडविरुद्ध खेळत होता. क्लीव्हलँडमध्ये ६-६ अशी बरोबरी, नऊ डाव संपल्यावर पावसाने १७ मिनिटांची विश्रांती, आणि दहाव्या डावाच्या तक्त्यात एकेक ओळ खाली उतरत जाते : कब्जच्या श्वार्बरचा सिंगल (एका बेसचा फटका), त्याच्या जागी धावायला आलेला अल्मोरा, ब्रायंटच्या खोल झेलावर अल्मोराने गाठलेला सेकंड बेस, रिझोला मुद्दाम दिलेला वॉक (फटक्याविना फर्स्ट बेस) आणि मग क्लीव्हलँडचा पिचर ब्रायन शॉच्या चेंडूवर डावखुऱ्या बाजूने झोब्रिस्टने लेफ्ट फील्डच्या रेषेलगत मारलेला डबल (दोन बेसचा फटका). शेजारच्या स्तंभात प्रत्येक ओळीगणिक शिकागो कब्जच्या विजयाची शक्यता किती टक्क्यांनी हलली तेही दिसते. कब्जने तो सामना ८-७ असा जिंकला, १९०८ नंतरचे त्यांचे हे पहिलेच विजेतेपद ठरले आणि मालिकेत .३५७ च्या सरासरीने खेळलेला झोब्रिस्ट सर्वोत्तम खेळाडू ठरला. आदल्याच वर्षी तो कॅन्सस सिटी रॉयल्सबरोबर विजेता झाला होता. साध्या सामन्यांच्या पानांवरही ‘सेकंड बेसवरून राइट फील्डमध्ये’ अशी मधल्या डावातली बदली स्वतंत्र ओळीत नोंदलेली असते. झोब्रिस्टचे काम प्रत्यक्षात कसे चालत असे, ते हंगामाच्या बेरजांपेक्षा या ओळींतून जास्त कळते.

उणिवाही सांगायला हव्यात. मोबाइलच्या पडद्यावर रुंद तक्ते बोटाने सतत सरकवावे लागतात, आणि जागांचा तो सुंदर स्तंभ अगदी टोकाला असल्यामुळे नेमका तोच नजरेआड राहतो. संक्षेपांची सूची आहे, पण क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला पहिल्या भेटीत तिचा उपयोग होईल इतकी ती सोपी नाही. शिवाय गणनपद्धत सुधारली की वॉरचे जुने आकडे बदलतात, त्यामुळे आकडा उद्धृत करताना तो कधी पाहिला ते लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

वर्गणीचे म्हणाल, तर एखाद्याची कारकीर्द नुसती वाचायची असेल त्याने स्टॅटहेडवर पैसे खर्च करू नयेत. त्याच्या पानावरच्या मोफत विभागणीत सेकंड बेसवर खेळताना फलंदाजी कशी झाली आणि राइट फील्डमध्ये खेळताना कशी, इथपर्यंतचा तपशील मिळतो. ‘एकाच हंगामात सेकंड बेस आणि आउटफिल्ड दोन्ही सांभाळून वीसपेक्षा जास्त होम रन कोणी मारले’ असे प्रश्न ज्यांना रात्री झोपू देत नाहीत, त्यांनी मात्र एक महिन्यापुरती वर्गणी जरूर भरावी. २०२५ च्या हॉल ऑफ फेम मतदानात झोब्रिस्टला एकही मत पडले नाही, ही नोंदही याच पानावर आहे, आणि तो कौल चुकीचा ठरवायला लागणारा सगळा दारूगोळा त्या शोधयंत्रात भरलेला आहे.