नाव न घालता लिहिलेला एका खानावळीचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, या खानावळीचं नाव मी लिहिणार नाही. तसं तिला नाव नाहीच. बेळगावच्या टिळकवाडीत एका रेल्वे गेटच्या अलीकडं, घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं, बारा खुर्च्या, भिंतीवर यल्लम्मा आणि ज्योतिबा शेजारी शेजारी, आणि दारावर पाटीच्या जागी नुसता खिळा. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा नियम आला म्हणून गल्लीतल्या दुकानदारांची पळापळ चालली होती तेव्हा खानावळीच्या मावशी निवांत होत्या. खिळ्याला कन्नड कसं लिहिणार?

मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौघींनी मिळून खोली घेतलीय, खरं (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात) घरमालकीण खोलीत गॅस पेटवू देत नाही, त्यामुळं दुपारचं जेवण दीड वर्ष मावशींकडंच. म्हणजे एकदा जाऊन ताटाचा फोटो काढून आलेल्या माणसाचा हा रिव्ह्यू नव्हे. आणि या खानावळीत आज जी रांग लागते, ती लावण्यात माझाही हात आहे, तेही कबूल करायचंय.

आधी जेवणाचं. ताटात ज्वारीच्या दोन भाकऱ्या, एक पल्ल्या (आमच्याकडं मराठी घरातसुद्धा भाजीला पल्ल्या म्हणतात, कुणाला राग येत असेल तर येवो), मुगाची नाहीतर मटकीची उसळ, शेंगाची चटणी, कांदा, वाटीभर दही, मग भात-आमटी. मंगळवार-शुक्रवारी भरलं वांगं. या वांग्यासाठी मी दोनदा गावाकडची एस.टी. चुकवलीय. शेंगदाणे, तीळ, कारळं, सुकं खोबरं असं भाजून कुटलेलं, चिंचेचा आंबटपणा आणि शेवटी जिभेला लागेल न लागेल इतका गूळ. वांगं देठासकट येतं, देठाला धरून उचललं की अख्खं उचलतं, आणि भाकरीवर ठेवून बोटानं दाबलं की लोणी. मसाला मावशी पहाटे स्वतः कुटतात. तो अजून कुणाच्या हातात दिलेला नाही.

खरी गंमत मात्र भाकरीची होती. 'होती' का म्हणते, ते पुढं येईल. स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे, तोही सरकवलेलाच. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलं की परात दिसते. गरम पाण्यात पीठ मळायचं, मनगटाजवळच्या तळव्यानं रगडायचं, गोळा कोरड्या पिठावर ठेवून थापायला लागायचं. आधी आवाज दबका येतो, गोळ्याचा. मग भाकरी पसरत गेली की फट फट मोकळा. थापता थापता ती परातीत आपोआप गोल फिरते आणि मावशी तिच्याकडं न बघता गिऱ्हाइकाशी बोलत असतात, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग थेट जाळावर. पापुद्रा टम्म. काठाला जरा जाड, मधे पातळ, आणि नीट बघितलं तर बोटांचे वळ दिसायचे. मी बाहेर चप्पल काढतानाच आवाजावरून ओळखायची, भाकरी चालू आहे की संपली.

आता माझी भानगड. गेल्या वर्षी सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. मैत्रिणीला लोकगीतं आली, मला 'ब्लॉगचा वाढता प्रभाव'. मी इमानदारीत माहिती जमवली. १९९७ साली जॉर्न बार्गर नावाच्या माणसानं आपल्या नोंदींना 'वेबलॉग' म्हटलं, १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झनं गमतीनं तो शब्द फोडून 'वी ब्लॉग' केला, आणि लोकांनी त्यातला 'ब्लॉग' तेवढा उचलला. त्याच वर्षी ब्लॉगर ही फुकटची सेवा निघाली, २००३ मध्ये ती गुगलनं घेतली, आणि ब्लॉग लिहायचं वर्डप्रेसही २००३ चंच. आधी वेबवर चार ओळी टाकायच्या तर कोड लिहावा लागायचा, आता लिहा आणि बटण दाबा. छापणारा, संपादक, पेपरातली ओळख, कुणाचीच गरज उरली नाही. मग युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठी कॉम्प्युटरची एकच ठरलेली पद्धत, रुळलं आणि फॉन्टची कटकट गेली. पूर्वी एकानं पाठवलेलं मराठी दुसऱ्याच्या स्क्रीनवर चौकोन होऊन पोचायचं म्हणे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं अमेरिकेचं. खरं बेळगावात काय?"

मला उत्तर आलं नाही. सर म्हणाले, स्वतः एक काढून बघ. (सर अजून 'बरहा'त टाइप करतात. १९९८ साली कन्नडसाठी निघालेलं सॉफ्टवेअर, पुढं त्यात देवनागरी आली. बरह म्हणजे लिखाण. सीमाभागात बसून मराठी लिहायचं आणि ज्यात लिहायचं त्याचं नाव कन्नड, यावर सर दर वेळी नव्यानं हसतात.)

मग मी ब्लॉग काढला. पहिला विषय सुचेना, म्हणून रोजचा घेतला, मावशींची भाकरी. लिहिलं बोलतो तसंच. आमच्याकडं मुलीसुद्धा 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, तर वाचणाऱ्यांना वाटलं लिहिणारा मुलगा आहे. तेव्हापासून लिहिताना 'जेवले' आणि मावशींसमोर 'जेवलो' असं दुहेरी खातं चालू आहे. पहिल्या आठवड्यात वाचणारे एकेचाळीस. त्यात माझ्या खोलीतल्या तिघी, दोन आतेबहिणी, आणि सरांनी बहुतेक दोनदा उघडलं असावं.

दोन महिन्यांनी हुबळीकडचा एक फूड ब्लॉगर माझी पोस्ट वाचून आला. एक मित्र, दोन मोबाईल, एक काठी. त्या दिवशी मी तिथंच होते आणि मनातल्या मनात फुगलेही होते, उगाच खोटं कशाला बोला. त्यानं मावशींना एकच भाकरी चार वेळा थापायला लावली. "मावशी, परत एकदा, इकडं बघून हसा." मावशी हसल्या, भाकरी फाटली. शेवटी त्यानं विचारलं, "तुमची स्टोरी काय?" मावशी म्हणाल्या, "स्टोरी कसली? पहाटे उठायचं, पीठ मळायचं." हे त्यानं घेतलं नाही. त्याऐवजी मागं बासरी लावली.

दोघं पोटभर जेवले. मावशींनी पैसे घेतले नाहीत, पाहुणा आहे म्हणून. व्हिडिओत मात्र फुकट जेवल्याचा एक शब्द नाही. आता सेमिनारच्या नादानं मला हेही माहीत झालेलं, की जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२३ मध्ये सांगून ठेवलंय, पैसे, वस्तू, जेवण काहीही घेऊन लिहीत-दाखवत असाल तर तसं स्पष्ट सांगा. लोकांची दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. दोन ताटांसाठी कोण दहा लाखांचा दंड करणार म्हणा. खरं, वाचणाऱ्याला कळायला पाहिजे की नको? म्हणून माझंही जाहीर करते, मावशी मला दही जास्त वाढतात आणि त्याचे पैसे धरत नाहीत. या रिव्ह्यूतले दह्याबद्दलचे चांगले शब्द त्या हिशोबानं वाचावेत. दही चांगलंच आहे.

पुढच्या रविवारी गल्लीत गाड्या. एरवी बेळगावची के.ए. २२ सोडून दुसरी पासिंग दिसली की कुणाच्या तरी घरी पाहुणे आलेत एवढंच. त्या दिवशी कोल्हापूरची एम.एच. ०९, धारवाडची के.ए. २५, आणि गोव्याच्या दोन, त्यातली एक बरोबर समोरच्या आजींच्या रांगोळीवर. लोक मोबाईल पुढं करून म्हणत होते, "असंच ताट द्या." एकानं चपाती मागितली, एकीनं पनीर. मंगळवारी मी सव्वाला लेक्चर सुटल्यावर धावत गेले तर बाहेर अकरा माणसं. दोनला पुढचं लेक्चर. अर्धा तास उन्हात थांबले, मग गेटजवळच्या गाड्यावर भजी-पाव खाल्ला आणि ॲसिडिटी घेऊन भाषाविज्ञानाला बसले. असं सलग चार दिवस. पाचव्या दिवशी सरांना सांगितलं, "सर, बेळगावात काय ते कळलं." सर म्हणाले, लिहून काढ. त्यांना प्रत्येक गोष्टीवर एवढंच सुचतं.

आता खानावळीत काय बदललं, त्याचा खरा रिव्ह्यू. ताट ८० चं ११० झालं, त्याबद्दल तक्रार नाही, ज्वारीचा भाव बघता आधीच व्हायला हवं होतं. पाण्याचे तांबे जाऊन प्लास्टिकचे जग आले. क्यूआर कोड आला. आमटी पातळ झाली. गर्दीच्या दिवशी एक वाजता आमटी आणि दीड वाजता आमटी यांत तपेलीभर पाण्याचा फरक असतो, तेव्हा शक्यतो एकच्या आत जा. भात पूर्वीसारखाच, उसळ बरी, वांगं पहिल्यासारखंच उत्तम.

भाकरी बदलली. मावशींनी दोन बायका कामाला घेतल्या. त्या पिठाची उकड काढून पोळपाटावर लाटतात. अगदी गोल, पातळ, पांढरीशुभ्र, एकावर एक रचली की फोटोत अशी दिसते की बघत राहावं. गरम असताना चांगलीच लागते. धारवाड-विजापूरकडं लाटून कडक केलेली भाकरी असतेच, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण ही ना कडक ना मऊ. ताटात पाच मिनिटं राहिली की कातड्यासारखी ओढावी लागते. आणि आवाज गेला. लाटण्याला कसला आवाज? पहिल्या दिवशी मी चप्पल काढून आत जाईपर्यंत समजत होते की भाकरी संपली.

एवढा सगळा राग घेऊन मी एक दिवस तीन वाजता, गर्दी ओसरल्यावर गेले. म्हटलं, "मावशी, माझ्यामुळं झालं हे. चुकलो."

मावशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. "वेडी काय गे तू? सोसायटीचं कर्ज फिटलं की दसऱ्याला." आत नवा फ्रिज दाखवला. मग म्हणाल्या, "भाकरीचं म्हणत असशील तर हे बघ," आणि उजवं मनगट पुढं केलं. पट्टा बांधलेला. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच थापायचं बंद करा म्हणून सांगितलेलं. माणूस ठेवायला तेव्हा पैसे नव्हते. इतके दिवस मी कोपऱ्यात बसून जो आवाज ऐकत होते, तो या मनगटाचा.

मी काही बोलले नाही. लसूण सोलू लागले.

थोड्या वेळानं मीच विचारलं, परत लिहू का, आता जसं आहे तसं? मावशींनी विचार केला. "लिही की. खरं, नाव घालू नको, आहेत तेवढे पुरे. आणि आमटीचं लिहिणार असशील तर लिही, खोटं नाही ते. तसंच चपाती मिळत नाही हेही लिही, रोज सांगून सांगून घसा बसतोय." त्या आठवड्यात कुणीतरी पाच हजारांत दुसरा व्हिडिओ करून देतो म्हणून फोन केलेला. मावशींनी त्याला विचारलं म्हणे, पाच हजारांत भांडी घासून देतोस काय.

तर लिहितेय. जागा तिथल्यांना कळलीच असेल, बाकीच्यांनी टिळकवाडीत खिळा शोधावा. वेळ साडेअकरा ते तीन, रात्री नाही. सोमवार बंद, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेतही बंद. एकटं असाल तर कोपऱ्यातली खुर्ची, तिथं पंखा लागतो. रविवारी जाऊ नका. हात धुवायचं बेसिन मागं अंगणात आहे, पायरी निसरडी. गाडी समोरच्या आजींच्या रांगोळीवर लावू नका. चपाती मिळत नाही. भाकरी एकदम दोन घेऊ नका, एक संपली की दुसरी मागा, गरम खाल्ली तर चांगली आहे. शेंगाची चटणी पाव किलोपासून विकत मिळते, पण ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.