५६ अंड्यांचं उबवणी यंत्र: तापमानात पास, पाण्यात काळजी हवी

ऑनलाइन मिळणारं पारदर्शक झाकणाचं हे पंखेवालं यंत्र ३७.५ अंश तापमान नीट धरतं, अंडीही आपोआप फिरवतं. तक्रार आहे ती पाण्याबद्दलच्या सूचनेची. सोबतच्या कागदावर ‘दोन्ही चर पाण्याने भरा’ एवढंच छापलंय. खान्देशात बाराही महिने ते पाळलं तर पिल्लं वाया जाणारच.

श्रावणात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा यंत्रात तापल्यावर साधारण ५३ टक्क्यांवर येते. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्केच लागते, म्हणजे चर कोरडे ठेवले तरी चालतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास मात्र जळगाव-भुसावळकडची हवा इतकी कोरडी असते की दोन्ही चर भरूनही आकडा हलत नाही. अशा वेळी पाणी खोल भरून उपयोग नाही, उघडा पृष्ठभाग वाढला पाहिजे. चरात स्पंजाचा तुकडा उभा लावा. बोअरचं पाणी मात्र नको. क्षार धरून स्पंज कडक होतो आणि पाणी ओढेनासा होतो.

झाकणावरच्या आर्द्रतेच्या आकड्यावर विसंबू नका. सेन्सर पंख्याजवळ आहे, अंड्यांच्या पातळीला नाही. वेगळा मापक आणा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलं करा, विरघळू देऊ नका. मापकासोबत ते हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ६९ दिसले तर मापक ६ ने कमी दाखवतो असं धरा.

पण खरा निकाल वजनकाटा देतो. आतलं पाणी उडून अठराव्या दिवसापर्यंत अंड्यांचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. ४५ ग्रॅमची ३० गावठी अंडी १३५० ग्रॅम भरतात. १२ टक्के धरले तर सहाव्या दिवशी ५४, बाराव्या दिवशी १०८ आणि अठराव्या दिवशी १६२ ग्रॅम घट. सगळी एकत्र तोलली तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटाही पुरतो. प्रत्येक अंड्यावर सुरुवातीचं वजन पेन्सिलने लिहा, म्हणजे बॅटरीच्या उजेडात आत गर्भ वाढत नाही असं दिसून बाद ठरलेलं अंडं काढताना तेवढं हिशोबातून वजा करता येतं.

बाराव्या दिवशी घट ७५ ग्रॅमच असेल तर चर रिकामे करा, हवेची भोकं पूर्ण उघडा. घट कमी राहिली की अंड्यातली हवेची पोकळी लहान राहते. पिल्लू सुजट होतं आणि कवच टोचण्याआधीच गुदमरतं. घट जास्त झाली तर आतला पापुद्रा सुकून अंगाला चिकटतो, टोचा मारूनही पिल्लू फिरू शकत नाही.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद करून आर्द्रता ६५ ते ७० वर न्या आणि त्यानंतर झाकण उघडू नका. पाणी घालायचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे, ही या यंत्रातली सगळ्यात चांगली सोय.

एक मर्यादा घेण्याआधीच ध्यानात घ्या: हे यंत्र फक्त तापवू शकतं, गार करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंश झाले की आतली अंडीही तेवढीच तापतात आणि गर्भ मरतात. कूलरची खोली असेल तर उन्हाळ्यातही चालवा, कूलरमुळे ओलही मिळते. नसेल तर पहिली बॅच पाऊस पडल्यावरच लावा.