दांडी की गेज: ऑइल बदलल्यावर भरवसा कशावर ठेवावा?

उद्यमनगरात ऑइल बदलून आणलेल्या गाडीची दांडी (इंजिनातील ऑइल मोजायची डिपस्टिक) पातळी बरोबर दाखवते, पण ऑइलच्या दाबाचा लाल दिवा मधूनच लुकलुकतो. तेव्हा दांडी मानावी की गेज लावून दाब मोजावा, असा पेच आमच्या शेजारच्या काकांना पडला आहे.

खर्चात दांडीला तोड नाही, एक फडके पुरते. गेजसाठी मात्र दाबाचा स्विच काढून तिथे जोडणी करावी लागते, म्हणजे मेकॅनिक आलाच.

माहितीच्या बाबतीत चित्र उलटे आहे. सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी पाहिलेली दांडी इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये ऑइल किती आहे एवढेच सांगते. पंप हे ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचवतो की नाही, हे गेजच सांगतो. पातळी कमी असेल तर गगनबावड्याच्या घाटातील वळणांवर पंप हवा ओढतो, आणि ऑइल जास्त झाले (हे अनेकांना पटत नाही) तर त्याचा फेस होऊनही दाब पडतो.

नवा फिल्टर भरेपर्यंत दिवा काही सेकंद राहिला आणि विझला, तर दांडी पुरेशी आहे. पातळी योग्य असूनही दिवा लुकलुकत असेल, जसा काकांचा, तर इंजिन बंद करून गाडी चालवू नये आणि मेकॅनिककडून गेजनेच तपासणी करवून घ्यावी.